संत्र्याच्या फुलांचं पाणी

सुगंध माणसाला त्याच्या मुळाशी घेऊन जातो. मला जवळपास पाच वर्षांत कसलाच वास आलेला नाही, त्यामुळे मी मुळाशी न जाता मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, एक हॉल, एक गॅलरी. पाणी दिवसातून दोनदा येतं.

वास करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ताप उतरला, खोकला थांबला, चव जिभेपुरती परत आली. खारट, आंबट, तिखट कळतं. त्यापलीकडे वांगं आणि दोडका यांतला फरक फक्त दातांना समजतो. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं. वासाबरोबर आणखी काहीतरी गेलं असावं असं मला अधूनमधून वाटायचं. काय ते सांगता येत नव्हतं. चांगली बातमी आली की मी ती समजून घ्यायचो, वाईट आली की तीही समजून घ्यायचो, आणि दोन्ही वेळा पंखा सारख्याच वेगाने फिरत असायचा.

माझी बायको शाळेत शिक्षिका होती. मुलांचे पाढे पाठ होईपर्यंत तिने कधी कुणाला सोडलं नाही. तिने माझं नाक हातात घेतलं. रोज सकाळी पूजा झाली की ती मला ओट्याशी उभं करायची आणि म्हणायची, "डोळे मिटा." मग नाकाशी लवंग, मग कापूर, मग हिंग. "काय आहे?" मी म्हणायचो, "माहीत नाही." ती डबी बंद करायची आणि दुसरी उघडायची. असं पाच-सहा महिने चाललं.

त्याच वर्षी आमच्या मुलीचं बाळ गेलं. ती जर्मनीत असते. गरोदरपणाचा सहावा महिना होता. विमानं बंद होती, त्यामुळे आम्ही तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं. दवाखान्याच्या पलंगावर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि जावयांनी फोन तिच्या पाठीशी धरला होता. बायको त्या पाठीशी वीस मिनिटं बोलली. त्यानंतर तीन आठवडे ती घरात कामापुरतंच बोलायची. लवंग-कापराची शाळा मात्र चालू होती.

एका सकाळी तिने नाकाशी डबी धरली. लवंगेची डबी पितळेची, कापराची प्लास्टिकची. झाकण उघडल्याचा आवाज वेगळा. मी म्हणालो, "कापूर."

"खरंच?"

"हो. आला वास."

ती ओट्याला टेकून रडली, मग हसली, मग तिने स्वतःहून चहा ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. एवढं झाल्यावर आपलं विधान मागे कसं घ्यायचं हे मला सुचलं नाही. नंतर तर विषयच संपला.

खोटं बोलणं अवघड नसतं, ते चालवायला शिस्त लागते. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. तीस-एकतीस वर्षं बॉयलरचं पाणी आणि वाफ तपासली. (नातेवाइकांना बरीच वर्षं वाटायचं की माझं औषधाचं दुकान आहे.) वाफ दिसत नाही, तिच्यातली घाणही दिसत नाही, आजूबाजूच्या आकड्यांवरून ओळखायची असते. तीच पद्धत घरी वापरली. मोहरी तडतडल्याचा आवाज आला की दहा सेकंद थांबून म्हणायचं, "वा, फोडणी." बायकोने नाक उचललं की आपणही उचलायचं, पण अर्धा सेकंद उशिरा. कुणाच्या घरी गेलं की आधी दारातल्या चपला मोजायच्या, मग स्वयंपाकघराकडे पाहून "आज काहीतरी विशेष आहे" असं म्हणायचं. हे कधीच चुकत नाही. साडेचार वर्षांत मी एकदाही पकडला गेलो नाही.

गेल्या डिसेंबरात जवळपास पकडला गेलो होतो. मी स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत होतो. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस तसाच चालू. बायको बाहेरून आली ती दारातूनच ओरडली, "अहो! गॅस!" तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. मी म्हणालो, सर्दी झाली आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सर्दीच आहे ना?"

"सर्दीच."

"नाही तं सांगा. तुमाले वास येत नसता, तं मी तुमाले असं एकटं ठेवून कुठंच गेली नसती. पोरीकडेही नाही."

हे ती सहज बोलून गेली नव्हती. मुलीला पुन्हा दिवस गेले होते. मार्चमधली तारीख होती. फेब्रुवारीच्या शेवटाचं तिकीट काढलं होतं, पाच महिन्यांसाठी, एकटीचं. मी गेलो असतो तर मला वरण-भात मागण्यापलीकडे काही काम नव्हतं. पहिल्या वेळी तिला जाता आलं नव्हतं. या वेळी तिने नोव्हेंबरपासूनच डिंक निवडायला घेतला होता. मुलगी रोज फोनवर विचारायची, "आई, येतेस ना नक्की?" आणि ही रोज सांगायची, "येऊन राहिली ना वं. किती वेळा सांगू?"

म्हणजे माझ्या नाकावर आता बरंच काही अवलंबून होतं. मला फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वास येत राहणं भाग होतं.

जानेवारी संपता संपता माझा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. काटोलकडे त्याची संत्र्याची बाग आहे, चांगली चालते. चांगली चालणारी गोष्ट माणसाला पुरत नाही, म्हणून त्याने बागेत चार खोल्या बांधल्या, एक लाकडी झुला टांगला आणि तिला फार्म स्टे म्हणायला सुरुवात केली. दारावरच्या पाटीत तीन प्रकारची अक्षरं आहेत. उद्घाटनाला तो शहरातली मोठी माणसं बोलावणार होता. मोठी म्हणजे ज्यांच्या गाडीत पुढे वेगळा माणूस बसतो अशी.

"भाऊजी," तो सोफ्यावर बसत म्हणाला, "आपल्याले सिग्नेचर ड्रिंक पाहिजे."

"सही कुणाची?"

"मजाक नका करू ना. ऐका." त्याने फोन काढला. अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका बंदरातलं शंभर वर्षांहून जुनं कॉकटेल. जिन, लिंबू, साखर, अंड्याचं पांढरं, क्रीम, सोडा आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. "फुलांचं पाणी, भाऊजी! त्यायच्या तिकडे हे पाणी दुसऱ्या देशातून येते. आन् आपल्या इथं झाडाखाली फुलाइचा सडा पडून राहिला. दुनिया काय म्हणीन?"

दुनिया काटोलबद्दल काय म्हणते हे मला माहीत नव्हतं. पण फुलांचं म्हणणं खरं होतं. थंडी ओसरताना संत्र्याला जो बहार येतो त्याला आंबिया बहार म्हणतात. झाडाला लागलेलं फूल कुणी तोडत नाही, ते फळ असतं. पण झाड स्वतःच निम्म्याहून जास्त फुलं गाळतं. मेव्हण्याने झाडांखाली जुन्या चादरी अंथरून दोन पिशव्या भरून फुलं आणली होती.

"तुमी केमिस्ट आहा. तुमच्यासारखा नाक-वाला मानूस आपल्या घरात दुसरा कोन आहे?"

बायको दारात उभी होती. "करा ना," ती म्हणाली. "त्याले तेवढीच मदत. मी जाऊन राहिली, मंग तुमाले तरी काय काम आहे?"

नाही म्हणायला कारण हवं होतं. होतं ते सांगता येत नव्हतं.

आधी मी ते पाणी तयार मिळतं का ते पाहिलं. श्रम वाचले असते आणि धोकाही. जिन आणायला गेलो तेव्हा वाइन शॉपच्या काउंटरवर विचारलं, संत्र्याच्या फुलांचं काही मिळेल का. तो वर न पाहता म्हणाला, "काका, संत्रा पाहिजे तं बाजूले जा. देशी तिकडे भेटते." आमच्याकडे संत्रा मोठ्याने म्हटलं तर फळ असतं आणि हळू म्हटलं तर देशी दारू. मी बहुधा हळू म्हणालो असेन. मागच्या रांगेतल्या माणसाने माझ्या हातातल्या महागड्या जिनकडे पाहिलं आणि सहानुभूतीने जागा करून दिली.

तेव्हा पाणी घरीच काढायचं ठरलं. तत्त्व सोपं आहे. फुलांतून वाफ न्यायची, वाफ थंड करायची, जे थेंब पडतील ते फुलांचं पाणी. आयुष्यभर मी ज्या वाफेवर पोट भरलं तिचाच हा लहान, निवृत्त प्रकार. कुकरच्या झाकणावरची शिट्टी काढायची, तिथे रबरी नळी बसवायची, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडायची.

कुकर कोणता, हा प्रश्न मला पडला नाही. स्वयंपाकघरातला कुकर वरणाचा. त्याला नळ्या लावायची माझी हिंमत नव्हती. गॅलरीत दुसरा होता, पाच लिटरचा.

या दुसऱ्या कुकरबद्दल सांगायला हवं. आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. वडिलांनी हातमागावर लुगडी विणली. आम्हा भावांपैकी कुणी मागाला हात लावला नाही. घरातून जे माझ्यासोबत आलं ते सावजी मटण. बायकोच्या माहेरी मटण चालत नव्हतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एवढंच म्हटलं होतं की ते स्वयंपाकघरात शिजू नये. मी शब्द दिला आणि पाळला. तीस वर्षांहून जास्त काळ दर रविवारी मी गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कुकरमध्ये मटण शिजवत आलो. वास गेल्यावरही शिजवतो. आता मसाला नाकाने नाही, वजनकाट्यावर घालतो. एकटाच खातो. तर्री लाल दिसते, जीभ भाजते, तेवढ्यावर रविवार झाला असं धरतो.

शनिवारी बायको सीताबर्डीला सुटकेस घ्यायला गेली होती. तो दिवस मी निवडला होता. कुकर चिंचेने घासला, सोड्याने घासला, गरम पाण्याने दोनदा उकळून ओतला. झाकणाची रबरी रिंग काढून पुसली. दिसायला स्वच्छ होती, म्हणून बदलली नाही. फुलं जाळीच्या भांड्यात ठेवली, खाली पाणी, मंद आच. वीसेक मिनिटांनी पहिला थेंब पडला. मी स्टुलावर बसून राहिलो. पांढऱ्या पाकळ्या हळूहळू भाजीसारख्या मलूल झाल्या. फुलं शिजताना पाहणाऱ्या माणसाला काहीतरी वाटत असेल. मी गॅलरीच्या समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी वर चढवणारे चार लोक पाहत होतो.

दीड तासाने अर्धी बाटली भरली. रंगहीन, स्वच्छ. फिल्टरचं पाणी तपासायचं माझं पेन होतं, त्याने क्षार जवळपास शून्य दाखवले. लिटमस कागद जसा हवा तसा. मी ज्या ज्या कसोट्या जाणतो त्या सगळ्यांना ते पाणी उतरलं. बाटलीला घट्ट बूच लावून ती फ्रिजच्या दारात ठेवली, वर चिठ्ठी चिकटवली: संत्रा, फुलं. नुसतं संत्रा लिहिलं असतं तर बायकोने विचारलं असतं.

रविवारी दुपारी मेव्हणा एक चकचकीत शेकर घेऊन आला. तो पहिल्याच झटक्याला गळला. मग मी मुलीच्या शाळेच्या वेळचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा थर्मास काढला. जिन मोजली, लिंबू पिळलं, साखरेचा पाक घातला, अंड्याचं पांढरं वेगळं केलं. क्रीमऐवजी सकाळच्या दुधाची साय गाळून घेतली. आणि फुलांचं पाणी. मूळ कृतीत ते थेंबांनी घालतात. मेव्हणा म्हणाला, "टाका ना भाऊजी मोकळ्या हातानं. आपल्या घरचं आहे." मी दोन चमचे घातलं.

"आता बारा मिनिटं हलवाचं," तो फोनमध्ये पाहून म्हणाला.

"बारा?"

"जुन्या काळात त्यायच्याकडे यासाठी माणसं ठेवत होते. रांगेनं उभे."

माझ्याकडे रांगेनं उभा तो एकटाच होता. सहा मिनिटं मी हलवलं, चार त्याने, मग त्याच्या खांद्यात काहीतरी झालं आणि दोन मिनिटं पुन्हा मी. उंच ग्लासात ओतून वर सोडा सोडला. फेस हळूहळू काठाच्या वर दोन बोटं उभा राहिला आणि कलंडला नाही. मान्य करायला हवं, दिसायला ते सुंदर होतं.

मेव्हण्याने ग्लास नाकाशी नेला. त्याचा चेहरा थांबला. मी तो पाहत होतो, कारण दुसऱ्याचे चेहरे पाहूनच माझं चालतं. पण त्यावर काय लिहिलं आहे ते मला वाचता आलं नाही. त्याने एक घोट घेतला, ओठांवरचा फेस पुसला आणि माझ्याकडे वळला.

"तुमी सांगा भाऊजी. तुमचं नाक."

मी यासाठी वाक्य तयार ठेवलं होतं. ग्लास घेतला, डोळे अर्धवट मिटले, सावकाश श्वास घेतला. आत थंड हवा गेली. "मोगऱ्याच्या अलीकडचा," मी म्हणालो, "आणि संत्र्याच्या सालीच्या पलीकडचा. सौम्य आहे."

"हव ना!" तो सुटल्यासारखा म्हणाला. "मले तेच वाटून राहिलं होतं. सौम्य आहे. आन् मागून एक... काय म्हणतात... स्पायसी नोट. हे त्या अमेरिकेवाल्यायले जमत नसन."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "पाहू द्या मले."

ती पीत नाही. तिने नुसता ग्लास उचलून वास घेतला. मग ग्लास खाली न ठेवता माझ्याकडे पाहिलं. शाळेत एखादा हुशार मुलगा उत्तरपत्रिकेत दुसऱ्याचं नाव लिहून बसला तर ती असं पाहत असेल.

"कोनत्या कुकरमध्ये केलं?"

"गॅलरीतल्या."

"हं."

"काहून वं बाई?" मेव्हणा म्हणाला. "जमलं नाही का?"

मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती पुन्हा एकदा वास घेऊन म्हणाली, "छान आहे."

"पाहा! बाई खोटं नाही बोलत."

"हव," ती म्हणाली. "ते दुसरे बोलतात."

त्याला वाटलं हे त्याच्या पाहुण्यांबद्दल आहे. तो मोठ्याने हसला, आपला ग्लास संपवला, फुलांच्या पाण्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गेला. मी पास झालो, असं मला वाटलं. ग्लास उचलून सिंककडे निघालो.

"ठेवा ते," ती म्हणाली. "इकडे या. डोळे मिटा."

मी ओट्याशी उभा राहिलो. डबी उघडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे कागदाची पुडी असणार. नाकाशी तिचा हात आला. बोटं थोडी ओली होती.

"काय आहे?"

कापराची डबी वाजली असती. हिंग ती कागदात ठेवत नाही. लवंग नवी आणली की आधी पुडीत असते. "लवंग," मी म्हणालो.

मी डोळे उघडले. तिचा तळहात माझ्या नाकासमोर उघडा होता. त्यात काहीच नव्हतं.

"ग्लासाले मटणाच्या तर्रीचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "अख्ख्या घराले येऊन राहिला. रबराले तीस वर्षांचा मसाला मुरलेला आहे. तुमाले तो मोगरा वाटला."

मी स्टुलावर बसलो.

"कधीपासून?"

"गेला तेव्हापासून. आलाच नाही."

"आन् तो कापूर?"

"डबीचा आवाज."

तिने ओट्यावरचं लिंबाचं साल उचललं, कचऱ्यात टाकलं, झाकण लावलं. "मंग डिसेंबरातला गॅस. मी दहा मिनिटं उशिरा आली असती तं?"

मी शेगडीकडे पाहिलं.

"मी नाही जात," ती म्हणाली.

दोन दिवस घरात असं चाललं की दोघेही एकमेकांना वाट करून देत होतो. सुटकेस हॉलमध्ये उघडी पडली होती, अर्धी भरलेली. मुलीचा फोन आला की ती आत जाऊन बोलायची. तिसऱ्या दिवशी मी मुद्दे काढून बसलो. मी सांगितलं की इंडक्शनची शेगडी मिळते. गॅस ओळखणारं यंत्रही मिळतं, ते शिट्टी वाजवतं. खालच्या मजल्यावरच्या बाई डबा देतात. सांगून झालं तरी ती डिंकाचे लाडू डब्यात रचतच होती, म्हणजे ऐकत होती.

"ते सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "मले एक सांगा. त्या पोरीचं तेव्हा झालं, मी घरभर रडली, तुमी नुसते बसून होते. मी म्हटलं, माणूस आतून रडत असन. तुमाले काही वाटून राहिलं होतं का?"

बरं वाटेल असं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. साडेचार वर्षांची सवय होती.

"नाही," मी म्हणालो. "वाटायला हवं हे कळत होतं. वाटत नव्हतं. अजूनही नाही. तू चालली आहेस, तेही मला कळतं फक्त."

तिच्या हातात लाडू होता. तो तिने डब्यात ठेवला, पुन्हा काढला, मला दिला. "हे तेव्हाच सांगाचं होतं ना," ती म्हणाली. "मी तुमाले दगड समजून राहिली होती." मी लाडू खाल्ला. गोड होता, आणि मधे मधे कडक.

त्या संध्याकाळी तिने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, एका जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळला आणि लाडवांच्या डब्याशेजारी सुटकेसमध्ये ठेवला. सिलिंडर गॅलरीत नेऊन ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी इंडक्शन आली. तिच्यावर पाणी कसं उकळायचं हे तिने मला तीन वेळा करायला लावलं, आणि तिन्ही वेळा मी बंद केल्यावर तिने बटण स्वतः पाहून खात्री केली. मग मुलीला फोन लावून म्हणाली, "येऊन राहिली."

भावालाही तिने फोन केला की ती बाटली फेकून दे. उशीर झाला होता. उद्घाटन झालं होतं आणि एका पाहुण्याने दुसरा ग्लास मागितला होता. तो आजही रविवारच्या पाहुण्यांना ते पाजतो आणि मला पुन्हा पाणी काढून द्या म्हणतो, त्याच कुकरमधलं. त्याच्या मेन्यूत ते शाकाहारी पानावर आहे.

विमानतळावर मी तिला सोडायला गेलो. आत जाताना ती मागे वळली आणि नाकाला हात लावून दाखवला. मी मान हलवली. शेजारी एक माणूस त्याच्या बायकोला सोडताना ढसाढसा रडत होता. मी त्याला रुमाल दिला. तो घेऊन गेला.

तिकडे गेल्यापासून ती रोज फोनवर मला वास सांगते. हे कुणी ठरवलं नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, "इथं कशालेच वास नाही वो. तुमाले काही फरकच पडला नसता." मग हळूहळू सापडायला लागले: जिन्यात ओल्या लाकडाचा, बेकरीसमोर जळक्या साखरेचा, जावयांच्या कोटाला कुत्र्याचा. मी ऐकतो आणि वहीत लिहितो. का लिहितो, माहीत नाही.

बाळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मुलगी झाली, दोघी ठीक. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर बायको खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर एक गुंडाळलेलं बोचकं होतं. मुलगी पलीकडे पलंगावर उशीला टेकून बसली होती, या वेळी भिंतीकडे पाठ करून.

"थांबा," बायको म्हणाली. "याचा सांगते तुमाले. नीट घेऊ द्या."

तिने डोळे मिटले आणि बाळाच्या डोक्यावर नाक टेकवलं. आम्ही सगळे थांबलो. जावई दारात उभे होते, तेही थांबले. मुलीने हात उचलून डोळ्यांशी नेला.

"कोमट दुधाचा आहे," बायको सावकाश म्हणाली. "आन् नव्या कापडाचा. खळ लावून वाळवलेलं असते ना, तसा. तुमच्या उमरेडच्या घरी येत होता तसा."

खळ लावलेल्या सुताला वास यायचा, हे मला आठवलं. वास आठवला नाही. तरी मी फोन कानाजवळ आणला, ज्याचा काही उपयोग नव्हता.

"आन् आखीन एक आहे," ती म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेले होते आणि आवाज बदलला होता. "खोल आहे. कसा सांगू? हा मी जन्मात घेतला नाही."

मग मुलगी पलंगावरून जपून उतरली, वाकली, एकदा हुंगलं, आणि बाळाला डायपर बदलायला घेऊन गेली.